नावांचा व्यापार : वाचन आणि अनुभव

सोनईची मंडळी घोडेगावच्या बाजारात दात पाहिल्याशिवाय बैल घेत नाहीत. इंटरनेटवरच्या पत्त्यांचा, म्हणजे ‘डोमेन’ नावांचा, व्यापारही तसाच पारखीचा आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हे शेपूट लावून देवनागरीतही नावे मिळतात.

नाव कायमचे विकत मिळत नाही. मुदत संपली की पुन्हा फी भरावी लागते. विसरलात तर नाव हातचे जाते. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह अडवून विकायला काढले, तर तक्रार होऊन तेही गमवावे लागते. एवढे वाचून कळते. पण आपल्याला आवडलेले नाव गिऱ्हाईकाला हवे आहे का, हे कुठले पुस्तक सांगणार?

म्हणून, मित्रहो, आधी नियम वाचा. मग एकच नाव घ्या आणि वर्षभर विकून पाहा. गिऱ्हाईक नाही मिळाले, तरी बुडेल ती एका नावाची फी, दहांची नव्हे.