स्वयंचलित पुनर्योजन

विद्युत् मार्गावर दोष उद्‌भवून मंडल खंडकाने म्हणजेच सर्किट ब्रेकरने मंडल तोडल्यानंतर, ठरावीक काळाने ते आपोआप पुन्हा जोडण्याच्या क्रियेस स्वयंचलित पुनर्योजन म्हणतात. उघड्यावरील तारमार्गांवर बहुतेक दोष तात्पुरते असतात. वीज पडणे, वाऱ्याने तारा जवळ येणे, फांदी वा पक्षी यांचा स्पर्श इ. कारणांनी निर्माण झालेली प्रज्योत प्रवाह खंडित होताच विझते व मार्ग पुन्हा वापरता येतो.

मर्यादा : तार तुटून जमिनीवर पडल्यास मात्र दोष कायम राहतो. अशा वेळी प्रत्येक जोडणीबरोबर रोहित्रास मंडलसंक्षेपाचा धक्का बसतो आणि पडलेली तार पुन्हा सजीव होऊन माणसे व गुरे यांच्या जिवास धोका निर्माण होतो. म्हणून प्रयत्नांची संख्या मर्यादित ठेवतात. वितरण मार्गांवर सामान्यतः तीनपर्यंत प्रयत्न होतात. त्यानंतर खंडक अडकून राहतो व माणसाने मोकळा केल्याशिवाय जुळत नाही. भूमिगत केबलींमधील दोष बहुधा कायमचे असल्याने तेथे ही पद्धत सहसा वापरीत नाहीत.

अतिउच्च दाबाच्या मार्गांवर एकच प्रयत्न करण्याची प्रथा आहे. रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट मार्गाने ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभागाचे जाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी समकालिक रीत्या जोडले गेले. दोन जाळ्यांना जोडणाऱ्या अशा मार्गांसाठी एककला पुनर्योजन उपयुक्त ठरते. त्यात फक्त दोषयुक्त कला तोडतात. उरलेल्या दोन कलांमुळे जाळ्यांमधील दुवा टिकून राहतो. प्रयत्न फसल्यास तिन्ही कला तोडतात.

चाचणी : संरक्षक रिलेला चाचणी संचातून कृत्रिम दोषप्रवाह देऊन तीन गोष्टी तपासतात : (१) दोष लगेच काढून घेतल्यास मंडल एकदाच जुळून टिकते की नाही; (२) जोडणीनंतर दोष पुन्हा दिल्यास खंडक कायमचा अडकतो की नाही; (३) पुनःसिद्धी काळ उलटल्यानंतर आलेला दोष नवा मानला जातो की नाही. दुसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची होय. पुनःसिद्धी काळ रिलेच्या क्रियाकाळापेक्षा कमी ठेवला गेल्यास दुसऱ्यांदा मंडल तुटण्यापूर्वीच प्रयत्नांची गणना शून्यावर येते आणि मर्यादा असूनही खंडक पुनःपुन्हा जुळत राहतो. त्यामुळे ही चाचणी सर्वांत मंद गतीने तोडल्या जाणाऱ्या दोषासाठीही करावी लागते.

संगणकातही हेच तत्त्व आढळते. लिनक्सवरील सिस्टमडी ही व्यवस्था बंद पडलेली सेवा आपोआप सुरू करू शकते. परंतु मूळ मांडणीनुसार १० सेकंदांत पाच आरंभ झाल्यावर ती थांबते. दोन आरंभांत तीन सेकंदांचे अंतर ठेवल्यास १० सेकंदांत पाचांची संख्या ओलांडलीच जात नाही व सदोष सेवा अखंड सुरू होत राहते. म्हणून मर्यादेचा आकडा आणि काळ यांची तपासणी एकत्रच करावी लागते.