एक फटकारा, आणि हात मागे

कुणाच्या घरी तैलचित्र दिसलं की आपल्याकडची दाद ठरलेली असते, ‘अगदी फोटोसारखं काढलंय हो!’ दाद मनापासूनची असते. पण तैलरंग नव्यानेच हातात घेतलेल्या माणसाचं या एका वाक्याने फार नुकसान केलं आहे. फोटोसारखं यावं म्हणून तो रंग घोटत बसतो. गालावरची सावली घोटतो, पदराची चुणी घोटतो, मागची भिंतसुद्धा सोडत नाही. तासाभराने कॅनव्हासभर एकच मळकट तपकिरी रंग पसरलेला असतो. ‘ऑइल आपल्याला जमायचं नाही’ असं म्हणून नळ्या कपाटात जातात आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत झाकणं घट्ट बसलेल्या अवस्थेत सापडतात.

या घोटण्यामागे एक कारण असावं, असं मला वाटतं. आपली नजर छापील चित्रांवर वाढली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आणि देव्हाऱ्यांत पोचल्या. शिळाछापात चित्र दगडावरून छापलं जाताना मूळ रंगाचा थर, त्याची जाडी, ब्रशच्या केसांच्या रेघा हे सारं नाहीसं होतं. उरतो तो गुळगुळीत कागद. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचंही तेच. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांचं चित्र आपण हाती घेतलं ते छपाईच्या शाईतून. हात कसा फिरला हे त्यातून किती कळणार?

मूळ तैलचित्रापुढे उभं राहिलं की हा हिशेब उलटतो. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. त्यातल्या एखाद्या जरीकाठाजवळ, दागिन्याजवळ डोळा न्या. चार पावलांवरून सोनं भासणारी जागा जवळून पाहिली की पिवळट रंगाच्या सुट्या, जाडसर टिंबांची होते. मूळचे गोव्यातले आणि सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकून तिथेच शिकवलेले ए. एक्स. त्रिंदाद यांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहात आहेत. तीही आधी दुरून आणि मग अगदी जवळून पाहावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेतच. संग्रहालयात चित्राचा विषय वाचून लोक पुढे सरकतात. शिकणाऱ्याने मात्र तिरप्या उजेडात कुठे रंग उठलेला दिसतो, कुठे खालचं कापड दिसतं, ते शोधत रेंगाळावं.

आता सरावाचं. शाळेत आपण एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेली असते. त्या परीक्षांनी हाताला रेषेची आणि सपाट रंग भरण्याची शिस्त लावली, हे खरं. पण पोस्टर कलर भरताना ब्रशची खूण दिसू न देणं हाच गुण मानला जातो. तैलरंगात ही सवय मोडावी लागते, आणि ती चित्र काढता काढता मोडत नाही. चित्र चांगलं व्हावं ही काळजी डोक्यावर बसलेली असताना हात मोकळा होत नाही. म्हणून बाळबोध अक्षरासाठी जसा कित्ता गिरवायचा, तसा फटकाऱ्यांचा वेगळा कित्ता हवा. त्यातून चित्र निघावं अशी अपेक्षाच नको.

यासाठी कॅनव्हास वाया घालवू नका. जाड कागदाला किंवा हार्डबोर्डच्या तुकड्याला प्रायमरचे दोन हात दिले की झालं. कच्च्या कागदावर मात्र रंग लावू नये. तो तेल पिऊन टाकतो आणि पुढे ठिसूळ होतो. ब्रश तीनच घ्या, पण मोठे. डुकराच्या राठ केसांचा आठ किंवा दहा नंबरचा चपटा, एक गोलसर टोकाचा फिल्बर्ट आणि एक साधा गोल. चपटा ब्रश आज इतका साधा वाटतो, पण केस धरून ठेवणारी धातूची पट्टी एकोणिसाव्या शतकात रुळली तेव्हा तो सर्रास मिळू लागला. रंगाची दाबता येणारी नळीही तेव्हाचीच. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने तिचं पेटंट १८४१ मध्ये घेतलं. रंग दोनच पुरेत, बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, हा आणखी एक फायदा. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही; जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पावसाळ्यात कोकणपट्टीत तो दिवसचे दिवस चिकट राहतो, त्याला इलाज नाही.

पहिला कित्ता कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगतो. ब्रश पेन्सिलीसारखा केसांजवळ धरू नका. दांडीच्या मागच्या टोकाकडे धरा आणि उभं राहून खांद्यातून हात फिरवा. एकदा रंग उचलायचा आणि पुन्हा न बुडवता तो संपेपर्यंत शेजारी शेजारी फटकारे मारत जायचं. पहिला भरघोस, दुसरा त्याहून पातळ, शेवटचा कोरडा, कागदाचा पोत दाखवणारा. मग तोच ब्रश आडवा, कडेवर, कोपऱ्यावर, आणि ओढता ओढता बोटांत फिरवून. एका ब्रशात किती आवाज आहेत ते यातूनच कळतं. आठवडाभर एवढंच केलं तरी चालेल.

मग टोनची पट्टी. अंबर आणि पांढरा मिसळून गडदपासून फिक्यापर्यंत नऊ पायऱ्या करायच्या, आणि प्रत्येक चौकोन एकाच फटकाऱ्यात ठेवायचा. चुकला तर तिथे दुरुस्ती नाही. शेजारी नवी पट्टी सुरू. रंग कॅनव्हासवर ठरवायचा नसून पॅलेटवर ठरवायचा असतो, हे हाताला इथे उमगतं.

आता माझा आवडता पाठ, वांगं. भरताचं मोठं, जांभळं, चकचकीत. एका बाजूने खिडकीचा उजेड येईल असं पांढऱ्या कपड्यावर ठेवा आणि ते पंधरा फटकाऱ्यांत संपवायचं असं ठरवा. अंबर-पांढऱ्यातच करा, जांभळ्याचा मोह नंतर. अट अशी की प्रत्येक फटकाऱ्याआधी रंग मिसळून तयार हवा आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश चिंधीला पुसायचा. हे पुसणं लोक टाळतात आणि तिथेच रंग मळतो, कारण ओल्या गडद रंगावरून फिरलेला ब्रश तो गडदपणा घेऊन पुढच्या फिक्या जागेत जातो.

पहिले तीन-चार फटकारे मोठे, वांग्याच्या फुगीरपणाला वळसा घालणारे, सगळ्यात गडद. मग उजेडाकडची मधली छटा, दोन फटकाऱ्यांत. मग थांबून डोळे किलकिले करून पाहा. सावलीकडे वांग्याची खालची कड आणि कपड्यावर पडलेली सावली एकमेकांत मिसळलेली दिसेल; तिथे कड नाहीच. दोन्ही ओल्या रंगांच्या सीमेवरून स्वच्छ कोरडा ब्रश एकदाच, हलक्या हाताने ओढला की ती कड हरवते. दुसऱ्यांदा ओढलात तर चिखल. उजेडाकडची कड मात्र पांढऱ्या कपड्यावर सुरीसारखी स्पष्ट. ती कपड्याचा रंग वांग्यापर्यंत आणून कापायची. देठाला दोन कोरडे, टोकेरी फटकारे. चकाकी शेवटी: ब्रशच्या कोपऱ्यावर भरपूर पांढरा घ्यायचा, दाब न देता टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. तो पांढरा उठलेला राहिला पाहिजे. त्याला नीट करायला गेलात की वांगं शिळं झालं.

पंधरा फटकारे संपले की चित्र जसं असेल तसं सोडायचं. ओबडधोबड होईल, होऊ द्या. चार पावलं मागे जाऊन पाहिलं की त्या तुकड्यांचं वांगं झालेलं असतं, आणि ते पाहिल्यावर घोटण्याची हौस आपोआप कमी होते. आत्मविश्वास वगैरे ज्याला म्हणतात तो मला वाटतं इथेच येतो. रंग कोणता, ब्रशची कुठली बाजू, दिशा आणि दाब, एवढं आधी ठरलं असलं की हात कचरत नाही.

मोठ्यांनीही हेच केलं. जॉन सिंगर सार्जंट १८७४ मध्ये पॅरिसला कारोल्युस-द्युराँ यांच्याकडे शिकायला गेला, तिथे छटांचे तुकडे थेट ब्रशने शेजारी शेजारी बसवायला शिकवत. पुढे त्याने १८७९ मध्ये माद्रिदला वेलाझ्केझची आणि १८८० मध्ये हार्लेमला फ्रान्स हाल्सची चित्रं समोर बसून उतरवली. अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन गावात १८९९ मध्ये शाळा काढणारे चार्ल्स हॉथॉर्न तर विद्यार्थ्यांच्या हाती लांबी भरायची पट्टी द्यायचे. तिने नाकडोळे काढताच येत नाहीत. रंगाचा डाग रंगाच्या डागाशेजारी ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही.

नक्कल करायची तर आख्ख्या चित्राची करू नका. हाल्सच्या एखाद्या बाहीची झालर, तीन इंचांचा तुकडा, चांगल्या छपाईतून मोठा करून घ्या आणि त्यातले फटकारे मोजा. अंदाजापेक्षा बरेच कमी भरतील.

सरावाचे तुकडे ओले असतानाच पॅलेट नाइफने खरवडून टाकायला हरकत नाही. तोच कागद पुन्हा वापरता येतो. रोजच्या रोज खरवडायचं आहे हे ठाऊक असलं की हात जास्त मोकळा चालतो. महिन्यातला एखादा तुकडा तारीख घालून ठेवावा.

ब्रश टर्पेंटाइनने धुऊन मग साबणाने तळहातावर फेस काढून स्वच्छ करावा. पुष्कळ जण रॉकेल वापरतात, पण दोन्हींना खिडकी उघडी हवी. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती साठली तर चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात.