डब्यातली बिअर आणि डब्यातले धणे

घरी बिअर करण्याच्या किटमधली मुख्य वस्तू म्हणजे सुमारे १.७ किलोचा पत्र्याचा डबा. त्यात काकवीसारखा दाट, तपकिरी माल्ट एक्स्ट्रॅक्ट असतो. जवाला मोड आणून, ते वाळवून, गरम पाण्यात त्याची साखर उतरवून आणि ते पाणी आटवून हा अर्क तयार होतो. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणाही त्यात कारखान्यातच घातलेला असतो. झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी मिळते. घरी डब्यातला अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात किलोभर साखर किंवा आणखी माल्ट मिसळायचा आणि गार पाणी घालून एकूण २३ लिटर करायचे. पाच ब्रिटिश गॅलन म्हणजे जवळपास तेवढेच. मग यीस्ट भुरभुरवून भांडे १८ ते २१ अंशांच्या आसपास आठ-दहा दिवस आंबायला ठेवायचे. माल्ट शिजवणे, गाळणे आणि हॉप्स तासभर उकळणे ही सगळी मेहनत वाचते, पण चवही बरीचशी कारखान्यातच ठरून येते. म्हणून दोन-तीन किट करून झाले की बहुतेकांना त्यात आपले काहीतरी घालावेसे वाटू लागते.

हा छंद फोफावला तो प्रामुख्याने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत असे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि त्यानंतर किटचा बाजार वाढला. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने संघराज्याच्या कायद्यात सूट मिळाली. ॲडलेडच्या कूपर्स या १८६२ पासूनच्या ब्रुअरीचे डबे आज अनेक देशांत विकले जातात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना. त्यामुळे मराठी घरांत हा छंद आढळतो तो मेलबर्न, लंडन अशा ठिकाणी, जिथे कायदा त्याला मोकळीक देतो.

बिअरमध्ये बाहेरचा स्वाद घालणे ही काही आजची टूम नाही. हॉप्स सर्वत्र रुळण्याआधी युरोपात रानटी वनस्पती आणि मसाल्यांची मिश्रणे वापरत. १५१६ मध्ये बव्हेरियात कायद्याने बिअरचे घटक जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यांवर आणले. बेल्जियममध्ये तशी बंदी नव्हती. तिथे गव्हाच्या पांढरट बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घालत. ही जात नामशेष झाली होती, पण १९६० च्या दशकात पिअर सेलिस यांनी हूगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. किटमध्ये पहिला प्रयोग करायचा तर हीच जोडी निवडावी, कारण ती शतकानुशतके पारखलेली आहे आणि थोडे चुकले तरी सांभाळून घेते.

धण्यांमध्येही फरक असतो. युरोपातल्या दुकानांत मिळणारे धणे बहुधा गोल असतात, तर भारतीय धणे लांबट, फिकट आणि लिंबाकडे झुकणाऱ्या वासाचे. गव्हाची बिअर करणारे अनेकजण मुद्दाम भारतीय धणे शोधतात. मेलबर्नमधल्या मराठी स्वयंपाकघरात ते मसाल्याच्या डब्यात आधीच असतात. धण्याच्या सुवासामागे मुख्यतः लिनालूल हे द्रव्य आहे. हॉप्सच्या तेलातही तेच आढळते, म्हणून धणे बिअरमध्ये उपरे वाटत नाहीत. २३ लिटरला १५ ते २० ग्रॅम पुरतात. ते भाजू नयेत. भाजलेल्या धण्यांचा वास आमटीत छान लागतो, पण इथे तो जड पडतो. खलबत्त्यात दोन-चार घाव घालून दाणा फक्त फुटला पाहिजे. पूड झाली तर ती बिअरमध्ये तरंगत राहते आणि गाळता येत नाही. संत्र्याची साल किसताना फक्त वरचा केशरी पापुद्रा घ्यावा. खालचा पांढरा भाग कडू असतो, आणि किटच्या अर्कात कडवटपणा आधीच आहे.

हा कडवटपणाचा मुद्दा सर्वच प्रयोगांत ध्यानात ठेवावा लागतो. हॉप्स उकळले की त्यातली आम्ले बदलून कडू होतात. ते काम डब्यात झालेले असते, त्यामुळे किटमध्ये वरून हॉप्स घालायचे ते सुवासासाठी. आंबणे संपत आले की ते कोरडेच टाकून तीन-चार दिवस ठेवतात. डब्यातला अर्क पुन्हा उकळत बसण्यात तोटाच आहे, कारण त्यात उरलासुरला सुवासही वाफेबरोबर उडून जातो.

स्वाद केव्हा घातला यावर अर्धे यश ठरते. पहिले तीन-चार दिवस यीस्ट जोमात असते. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत वर येतात आणि नाजूक सुवास सोबत घेऊन एअरलॉकमधून, म्हणजे भांड्याच्या झाकणावरच्या वायू सोडणाऱ्या झडपेतून, निघून जातात. खोलीभर दरवळ पसरला की करणाऱ्याला आनंद होतो, पण तो दरवळ बिअरमधून गेलेला असतो. आंबणे शांत झाल्यावर चित्र बदलते. आता द्रवात चार-पाच टक्के मद्यार्क आहे आणि तेलात विरघळणारे स्वाद पाण्यापेक्षा त्यात लवकर उतरतात. म्हणून मसाले, व्हॅनिला, कॉफी आणि कोको यांची वेळ ही. आले याला थोडा अपवाद आहे. किसलेले आले दहा मिनिटे उकळून सुरुवातीला घातले तरी त्याचा तिखटपणा टिकतो. सुवास हवा असेल तर त्यातले थोडे मागाहूनही घालतात.

फळांच्या बाबतीत बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. हापूसचा रस घातला म्हणजे बिअर आमरसासारखी लागेल असे वाटते. पण यीस्टला फळातली साखर आणि माल्टमधली साखर सारखीच. ती सगळी खाल्ली जाते आणि मागे उरतो तो सुवास, आंबटपणा आणि किंचित तुरटपणा. गोडवा गेला की आंबा ओळखूच येत नाही, कारण जिभेने आंबा आणि गोडवा यांची गाठ बांधलेली असते. उलट रासबेरी, आंबट चेरी, पॅशनफ्रूट ही फळे आंबटपणावर उभी असल्याने आंबल्यानंतरही स्वतःची ओळख सांगतात. बेल्जियमच्या लाम्बिक बिअरमध्ये आंबट चेरी घालून क्रीक करतात त्यामागेही हेच आहे. मधाचेही तसेच: गोडी संपते, फुलांचा हलका वास राहतो. गोडवा खरोखर हवा असेल तर लॅक्टोज ही दुधातली साखर घालतात, कारण बिअरचे यीस्ट ती पचवू शकत नाही. ब्रिटनच्या मिल्क स्टाउटचा गोलसरपणा तिच्यामुळेच येतो. अशी बिअर कुणाला देताना मात्र आत दुधाची साखर आहे हे सांगायलाच हवे. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना तिचा त्रास होतो.

फळे घालायची तर २३ लिटरला एक ते दोन किलो इतकी मात्रा सुरुवातीला पुरे. सालीवर रानटी यीस्ट आणि जिवाणू असतात. फळे फ्रीजरमध्ये ठेवल्याने पेशी फुटून रस सहज सुटतो, पण जंतू मरत नाहीत. म्हणून गर ७० अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटे गरम करून, गार करून घालावा. खळखळून उकळू नये, कारण पेक्टिन सुटून बिअर गढूळ होते. मुरांब्याला जो चिकटपणा शोभतो तो इथे नको असतो. परदेशातल्या भारतीय दुकानांत मिळणारा आंब्याच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा सोयीचा, कारण तो आधीच तापवून बंद केलेला असतो. लेबल मात्र वाचावे. त्यात बहुधा वरून साखर असते, ती हिशेबात धरावी लागते. पोटॅशियम सॉर्बेटसारखे टिकाऊपणाचे द्रव्य असेल तर यीस्टची वाढ अडते.

स्टाउटच्या किटला कॉफी फार चांगली जुळते, कारण भाजलेल्या जवाचा वास मुळातच तिच्या जवळचा. उकळलेली कॉफी तुरटपणा आणते. त्यापेक्षा ६०-७० ग्रॅम अख्ख्या बिया स्वच्छ कापडाच्या पुरचुंडीत बांधून तयार बिअरमध्ये एक दिवस सोडाव्यात आणि चव घेऊन काढाव्यात. कोको आणि खोबरे यांची अडचण वेगळी: त्यांतल्या स्निग्धांशाने बिअरचा फेस बसतो. लवंग, दालचिनी आणि मिरची यांच्याबाबत हात अगदी आखडता हवा. जास्त पडलेली लवंग दाताच्या औषधाची आठवण करून देते आणि ती काढून घेता येत नाही. शिवाय तिचा वास प्लास्टिकच्या भांड्यात मुरतो आणि पुढच्या साध्या बिअरमध्येही डोकावतो. काचेची वेगळी बरणी ठेवणे बरे.

मात्रा ठरवण्याची सर्वात भरवशाची रीत प्याल्यापासून सुरू होते. मसाला किंवा चिरलेली व्हॅनिलाची शेंग थोड्या व्होडकात चार-सहा दिवस भिजत घालायची. व्होडकामुळे जंतूंची भीतीही जाते. मग आंबून झालेल्या बिअरचे प्रत्येकी १०० मिलिलिटर चार प्याल्यांत घ्यायचे. पहिला कोरा ठेवायचा. बाकीच्या तिघांत सुईशिवायच्या सिरिंजने अनुक्रमे ०.२, ०.४ आणि ०.६ मिलिलिटर अर्क सोडायचा आणि मागचा-पुढचा क्रम न कळता कुणाला तरी चाखायला द्यायचे. ०.४ चा प्याला पसंत पडला, तर २३ लिटरला त्याच्या २३० पट, म्हणजे ९२ मिलिलिटर अर्क लागेल. एवढी साधी आकडेमोड आख्खे भांडे वाचवते. आणखी सुरक्षित वाट म्हणजे निम्मी बिअर साधीच बाटलीत भरून उरलेल्या निम्म्यावर प्रयोग करणे. तुलनेला मूळ चव हाताशी राहते, आणि कशाने काय झाले हे नेमके कळते.

यात एकच चूक धोक्याची आहे आणि ती म्हणजे बाटली भरण्याची घाई. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरला सात-आठ ग्रॅम साखर घालतात, आणि तिच्यातून किती वायू तयार होणार हे ठरलेले असते. फळ किंवा मध घातल्यावर यीस्ट पुन्हा जागे होते. ते काम संपायच्या आत बिअर भरली तर उरलेल्या साखरेचा वायूही बंद बाटलीत साठतो आणि काच फुटते. कपाटात फुटलेल्या बाटलीचे तुकडे लांबवर उडतात. म्हणून फळ घातल्यानंतर निदान आठवडाभर थांबावे आणि लागोपाठ दोन-तीन दिवस द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही, तरच बाटल्या काढाव्यात. गाळताना बिअर फेसाळेल अशी उंचावरून ओतू नये. हवेने तिचा ताजेपणा मरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे खोलीत ठेवल्या की फेस धरतो. त्यानंतर सगळ्यांना सारखे थांबवून चालत नाही. हॉप्सचा आणि फळांचा सुवास सर्वात आधी ओसरतो, तेव्हा त्या बाटल्या दीड-दोन महिन्यांत संपवाव्यात. धणे-संत्र्याची बिअरही ताजीच चांगली. व्हॅनिला किंवा दालचिनीची स्टाउट मात्र सुरुवातीला उग्र, सुटीसुटी लागते. तिला तीन महिने अंधाऱ्या, गार जागी मुरू द्यावे, आणि मध्ये महिन्याला एक बाटली उघडून पाहावी.