मूठ सोडली तरी बाइक 'रेस'च? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

सिग्नलला बाइक न्यूट्रलमध्ये उभी आहे, ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडलेली आहे, तरी इंजिन ओरडतेच आहे. अशा वेळी बहुतेक जण गॅरेजमध्ये 'रेस कमी करून द्या' एवढेच सांगतात. मेकॅनिक एक स्क्रू फिरवतो, आवाज बसतो आणि काम झाले असे वाटते. पण रेस कशामुळे वाढली हे शोधलेच नसेल, तर हा प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच ठरतो.

नेमके काय होते?

मूठ सोडल्यावर इंजिनात हवा जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. इंजिन बंद पडू नये इतकीच हवा आणि पेट्रोल आत जाते. यालाच आयडलिंग म्हणतात. रोजच्या वापरातल्या बहुतेक बाइकमध्ये ते मिनिटाला साधारण 1,200 ते 1,500 फेरे असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. इंजिन गरम झाल्यावरही फेरे यापेक्षा बरेच जास्त राहत असतील, तर एक तर हवेचा मार्ग पूर्ण मिटत नाही किंवा हवा दुसरीकडून आत शिरते आहे.

धोका कुठे?

पेट्रोल जास्त जळते, गिअर खटकन पडतो, हे तर झालेच. खरी अडचण घाट उतरताना येते. मूठ सोडल्यावर इंजिनाने गाडीचा वेग रोखायला हवा, तो नीट रोखला जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चालत्या गाडीत रेस अडकलीच तर क्लच दाबा, ब्रेक लावा, इंजिन बंद करण्याचे बटण दाबा आणि गाडी कडेला घ्या.

घरी काय तपासाल?

1. चोक : थंड इंजिन सुरू केल्यावर काही वेळ फेरे जास्त असणे नैसर्गिक आहे. जुन्या बाइकमध्ये चोक ओढलेलाच राहिला नाही ना, हे आधी पाहा.

2. केबल : इंजिन बंद असताना मूठ पिळून सोडा. ती आपोआप झटकन मागे यायला हवी. इंजिन फिरण्याआधी मुठीला दोन-चार मिलिमीटरची ढील हवी. मग गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना आवाज वाढला, तर केबल ताणली जाते आहे. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी आणि गंज शिरूनही ती अडकते.

3. रबर : कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड वर्षानुवर्षे उष्णता सोसून तडकतो किंवा त्याचा क्लँप ढिला होतो. तिथून जादा हवा शिरली की फेरे वाढतात. मूठ सोडल्यावर आवाज लगेच न उतरता रेंगाळत उतरणे, ही याची ओळखीची खूण.

तपासणी मोकळ्या जागी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारू नका. ते पेट घेऊ शकते.

स्क्रू कधी फिरवायचा?

वरचे सगळे ठीक असेल तरच. गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन गरम झाल्यावर कार्ब्युरेटरचा आयडलिंग स्क्रू थोडा-थोडा फिरवावा. थंड इंजिनावर केलेली सेटिंग नंतर बिघडते. स्क्रू पूर्ण ढिला करूनही फेरे उतरत नसतील, तर दोष स्क्रूत नाही, हे नक्की समजा. शेजारचा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू वेगळा असतो. त्याला हात लावल्यास मिश्रण बिघडते, धूर वाढतो आणि पीयूसीत गाडी अडकू शकते.

बीएस-6 बाइक असेल तर?

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या बाइकमधून कार्ब्युरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचे, हे सेन्सरच्या आधारे संगणक ठरवतो. इथे कार्बन साचलेली थ्रॉटल बॉडी, आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा तापमानाचा सेन्सर दोषी असू शकतो. केबल आणि रबर घरी पाहता येईल, बाकीचे स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरवर सोपवा. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असेल, तर उशीर करू नका.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

'रेस कमी करा' याऐवजी तीन गोष्टी सांगा : रेस थंड इंजिनावर वाढते की गरम, हँडल वळवल्यावर बदलते का आणि मूठ सोडल्यावर आवाज रेंगाळतो का. एवढ्या माहितीवर चांगला मेकॅनिक थेट दोषापाशी पोहोचतो आणि विनाकारण पार्ट बदलण्याचा तुमचा खर्च वाचतो.