डोळा काढायचा म्हणजे नेमकं काय?

घरात एखाद्याला जुन्या मारामुळे किंवा बळावलेल्या काचबिंदूमुळे एका डोळ्याने काहीच दिसत नाही, पण तोच डोळा रात्र रात्र ठणकतो. ड्रॉप्स, गोळ्या सगळं करून झालेलं असतं. मग डॉक्टर 'एव्हिसरेशन' सुचवतात. डोळा काढायचा, या कल्पनेनेच घरचे हबकतात आणि ठणका तसाच सोसला जातो. पण लक्षात घ्या, या ऑपरेशनने नजर जात नाही, ती आधीच गेलेली असते. जातं ते दुखणं.

ऑपरेशनमध्ये काय होतं?

भूल देऊन भिंग, पडदा असं डोळ्याच्या आतलं सगळं काढतात. बाहेरचं पांढरं आवरण आणि त्याला जोडलेले स्नायू मात्र जागेवरच राहतात. आवरणाच्या आत एक छोटा गोळा बसवून टाके घालतात. साधारण 6 ते 8 आठवड्यांनी जखम भरली की दुसऱ्या डोळ्याच्या रंगाशी जुळणारा कृत्रिम डोळा त्यावर बसवतात. स्नायू शाबूत असल्याने तो थोडाफार हलतोही.

आधी हे विचारा

* डोळ्याची सोनोग्राफी झाली का? आत गाठीची शंका असेल तर एव्हिसरेशन करत नाहीत, अख्खा डोळाच काढावा लागतो.
* दृष्टी परत येण्याची काहीच शक्यता नाही ना? मनात शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या.

नंतरची काळजी

* चांगला डोळा आता एकुलता एक आहे. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा वापरा.
* क्वचित चांगल्या डोळ्यालाही सूज येऊ शकते. तो लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं तर लगेच डॉक्टरांकडे जा.
* सुरुवातीला अंतराचा अंदाज चुकतो. चहा ओतताना किटली कपाच्या कडेला टेकवा, जिना उतरताना कठडा धरा. हळूहळू सवय होते.
* कृत्रिम डोळ्याला वर्षातून एकदा पॉलिश करून घ्या.

आई किंवा आजी 'चालायचंच' म्हणत डोळ्यावर पदर दाबून बसत असेल, तर तिला एकदा विचारा, रात्री झोप लागते का? उत्तर नाही असेल, तर डॉक्टरांशी बोलायला उशीर करू नका.