पेठेतील बिनतारी संभाषण : वॉकी-टॉकीच्या पल्ल्याचा विचार

बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विद्युत् उपकरणांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात मिळणाऱ्या वॉकी-टॉकी संचांच्या वेष्टनांवर अनेक किलोमीटरांचा पल्ला छापलेला असतो. पेठेच्या बोळांत मात्र काही शे मीटरांवरच आवाज तुटू लागतो. ही तफावत का पडते, याचे विवेचन येथे केले आहे.

दोष प्रेषकाच्या दुर्बलतेचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण गणित निराळे सांगते. ४४६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर, संपूर्ण मोकळ्या अवकाशात, एक किलोमीटर अंतरावर होणारी घट सुमारे ८५ डेसिबेल असते. अर्धा वॅट शक्तीचा प्रेषक आणि ०·२ मायक्रोव्होल्टचा संकेत ओळखणारा ग्राहक घेतल्यास सुमारे १४८ डेसिबेलपर्यंतची घट सोसता येते. म्हणजे अडथळा नसता तर हाच संच तत्त्वतः हजार किलोमीटरांपलीकडे ऐकू आला असता. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाशी परवानाधारक हौशी मंडळींनी हातातील संचांवरून संभाषण केले आहे, ते यामुळेच.

पृथ्वीच्या वक्रतेमुळे दीड मीटर उंचीवर संच धरलेल्या दोन व्यक्तींमधील रेडिओ-क्षितिज सपाट भूमीवर सुमारे १० किलोमीटर पडते. मात्र केवळ दृष्टिरेषा मोकळी असून भागत नाही. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ६७ सेंटिमीटर असल्याने, एक किलोमीटर अंतराच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या जवळजवळ १३ मीटर होते. पेठेतील जमीन आणि तीन-चार मजली इमारती हे क्षेत्र सहज व्यापून टाकतात. मग संकेत पोहोचतो तो परावर्तनाने आणि छपरांच्या कडांवरील विवर्तनाने. त्यामुळे दोन पावले सरकताच आवाज जातो व पुन्हा येतो.

मोकळ्या अवकाशात शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, तर दाट वस्तीत ती साधारण चतुर्थ घाताने घटते. अर्थात शक्ती दुप्पट केली तरी पल्ला जेमतेम १९ टक्के वाढतो, आणि तो दुप्पट करण्यास सोळापट शक्ती लागते. त्यापेक्षा आकाशक उंच नेणे अधिक फलदायी होय.

गणेशविसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर या विवेचनाला प्रत्यक्ष महत्त्व येते. गर्दीत मोबाइलची यंत्रणा तुंबते, आणि रुग्णवाहिकेला वाट करून देण्याचा निरोप कार्यकर्त्याच्या हातातील संचावरच अवलंबून राहू शकतो. कमरेला लावलेल्या संचाची बरीच शक्ती माणसांची शरीरे शोषून घेतात. शिवाय एकाच वाहिनीवर दोघे एकदम बोलल्यास दोघांचेही बोलणे बिघडते. ‘उपसंकेतां’नी परक्यांचा आवाज केवळ झाकला जातो, स्वतंत्र वाहिनी मिळत नाही. म्हणून चौकातील एखाद्या गच्चीवर निरोप्या बसवून त्याच्यामार्फत बोलणे, ही उपाययोजना अधिक शक्तीच्या संचापेक्षा श्रेष्ठ ठरते.

ती कायद्याच्या दृष्टीनेही निर्धोक आहे. भारतात २०१८ च्या नियमांन्वये ४४६·० ते ४४६·२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्ती संचांना परवान्यातून सूट आहे. ती सर्वच वॉकी-टॉकींना नाही. संकेतस्थळांवरील बेकायदा विक्रीस आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली.

सारांश, वेष्टनावरचा पल्ला सर्वस्वी खोटा नसतो. तो मोकळ्या माळाचा असतो. पेठेतील पल्ला पेठेतच चालून मोजावा, आणि तोही गर्दीचा दिवस उजाडण्यापूर्वी.