मोकळी मान

आपल्या यवतमाळकडे कोणी 'देशमुख आलेत' म्हटले की ओसरीवर सतरंजी पडते. हा मान आला कोठून, हे त्या शब्दालाच विचारू या.

देशमुख म्हणजे देशाचा मुख्य. इथे देश म्हणजे परगणा. परगण्याचा सारा गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा, हे त्याचे काम. हिशेब देशपांड्याकडे. मोबदला म्हणून वसुलीत हिस्सा आणि इनाम जमीन. इनाम हा शब्द अरबी, मूळ अर्थ कृपेची देणगी. आपल्याकडे इनाम म्हणजे सारामाफीची जमीन झाली. वतनही अरबीच. तिकडे वतन म्हणजे मायभूमी, इकडे पिढीजात हक्क.

आता जरा दूर, युरोपच्या उत्तरेला स्वीडनात जाऊ. तिथे सरदारवर्गाला जुना शब्द आहे 'फ्रेल्से'. सन १२८० च्या सुमारास मॅग्नस राजाने ठरविले की, जो स्वखर्चाने घोडा व हत्यार बाळगून राजाची चाकरी करील, त्याला कर माफ. असे माफी मिळालेले लोक ते फ्रेल्से. शब्दाचे मूळ मोठे बोलके आहे. त्याचा अर्थ 'मोकळी मान'. ज्याच्या गळ्यात गुलामीचे कडे नाही, तो.

गंमत पाहा, मराठीतही शरीराची मान आणि प्रतिष्ठेचा मान यांचा उच्चार एकच. मूळ मात्र वेगळे. पहिली संस्कृत 'मन्या'वरून आली, दुसरा संस्कृत 'मान'च.

दोन्हीकडे गोष्ट एकच. मान मिळाला तो कामामुळे आणि माफीमुळे. पण एकाला माफी, म्हणजे राज्याच्या खर्चाचे ओझे दुसऱ्याच्या मानेवर. ते वाहिले कुणब्याने.

पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. वसुली सरकारी नोकर करू लागले. देशमुखांचे काम गेले, आडनाव राहिले. १९५० मध्ये आपली राज्यघटना अमलात आली. सैनिकी व शैक्षणिक सन्मान सोडले तर सरकारने कोणालाही किताब देऊ नये, असे तिचे १८ वे कलम सांगते.

कायद्याने किताब थांबतो, सवय थांबत नाही. म्हणून गुरुजींना एक विनंती. हजेरी घेताना आडनाव पाहून आपला आवाज बदलतो का, तेवढे पाहावे. पोरांना ते लगेच कळते. एकाची मान ताठ होते आणि शेजारच्याची खाली जाते. शाळेत तरी सगळ्यांचीच मान मोकळी असावी.